परक्यांना आपले म्हणणारी वंशावळ

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात जेसुइट धर्मगुरूंनी १९२५ साली स्थापन केलेले लोयोला कॉलेज आहे. त्याच्या आवारात ख्राइस्ट द किंग चर्च उभे आहे. नाताळ आठवड्यावर आला की, कॅथलिक चर्चमधून मत्तयाच्या शुभवर्तमानाची पहिली सतरा वचने वाचली जातात. १७ डिसेंबरसाठी ती नेमूनच दिलेली आहेत. त्यांत ना गोष्ट, ना उपदेश. अब्राहाम, इसहाक, याकोब अशी नुसती नावांमागून नावे! सणाच्या तोंडावर ही यादी कशाला, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडावा.

पण ज्यांच्या घरी कुलवृत्तांत जपून ठेवलेला असतो, ज्यांच्या पणजोबांचे नाव त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडते, त्या मराठी वाचकांना यादीचे मोल वेगळे सांगायला नको. प्राचीन ज्यू समाजात वंशावळीवर पौरोहित्याचा अधिकार ठरत असे. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर ज्या पुरोहित घराण्यांना आपली वंशावळ दाखवता आली नाही, त्यांना त्या कामातून वगळले गेले, असे बायबलमधील एज्राच्या पुस्तकात नमूद आहे.

मत्तयाच्या यादीलाही राजघराण्याचा डौल आहे. तिचे तीन भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागात चौदा पिढ्या मोजल्या आहेत. दावीद राजाच्या नावातील हिब्रू अक्षरांच्या अंकांची बेरीजही चौदाच भरते.

आणि अशा या यादीत मध्येच चार स्त्रिया येतात! सारा, रिबेका यांच्यासारख्या मानाच्या कुलमाता मात्र तिथे नाहीत. आहे ती तामार, सासऱ्याने जिचा हक्क डावलला अशी विधवा. आहे ती राहाब, यरीहो नगरातील वेश्या. आहे ती रूथ, मवाब देशातून सासूचा हात धरून आलेली परमुलखातील विधवा. चौथीचे तर नावही नाही. ‘उरीयाची बायको’ एवढाच उल्लेख आहे, आणि तेवढ्यानेच दावीदाच्या पापाची आठवण होते. एखाद्या घराण्याने जे झाकून ठेवले असते, ते इथे उघड लिहिले आहे.

याहून मोठे आश्चर्य शेवटी आहे. एवढी सगळी वंशावळ योसेफापर्यंत येते आणि मग मत्तय सांगतो की, मरीयेच्या पोटचे मूल योसेफाचे नव्हे, ते पवित्र आत्म्यापासून आहे. मग या यादीचा उपयोग काय? उत्तर पुढच्याच वचनांत मिळते. योसेफ मरीयेला घरी आणतो आणि बाळाचे नाव स्वतः ठेवतो. नाव ठेवले, म्हणजे मूल आपले म्हटले. दावीदाचा वंश येशूपर्यंत पोहोचतो तो या स्वीकारामुळे.

याच तमिळ भूमीत आपल्या मराठी इतिहासातही असा एक प्रसंग घडला आहे. तंजावरच्या तुळजाराजे भोसल्यांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले. राजांच्या मृत्यूनंतर ते दत्तकविधानच अशास्त्रीय ठरवले गेले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या सरफोजींचा सांभाळ केला तो श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. जिवाला धोका, म्हणून काही काळ त्यांना मद्रासेत ठेवावे लागले. अखेर १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली. पुढे १८०३ साली याच राजाने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ज्याच्या वारसहक्कावर वाद घातला गेला, त्यानेच कुळाची आठवण दगडावर टिकवली! श्वार्ट्झचा धर्म त्यांनी स्वीकारला नाही. पण त्याचे ऋण ते विसरले नाहीत. तंजावरच्या चर्चमध्ये त्यांनी त्याचे संगमरवरी स्मारक उभारले.

आज १९५६ च्या कायद्याने हिंदू कुटुंबातील दत्तक मुलाला पोटच्या मुलाचेच स्थान आहे. कायद्याने प्रश्न सुटला. पण मनाचे काय? कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते, तेव्हा दत्तक घेतलेल्या मुलीचे नाव लिहिताना हात अडखळतो. परजातीतून आलेल्या सुनेचे माहेर गाळले जाते. घर सोडून गेलेल्या काकांचा उल्लेखच होत नाही.

कुणी कोणताही धर्म मानो, मत्तयाची ही यादी प्रत्येक घराला एक प्रश्न विचारते : तुमच्या वंशावळीत कुणाची जागा रिकामी ठेवली आहे? पुढच्या खेपेला ती वही उघडाल, तेव्हा ते नाव लिहून टाका.