गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाताना

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, गोंडोलात बसायचं, भाड्याच्या कोटात फोटो काढायचे, बर्फात लोळायचं आणि अंधार पडायच्या आत हाउसबोटीवर परतायचं. यात वाईट काहीच नाही. पण याला स्कीइंगची सहल म्हणत नाहीत. पायाला स्की बांधून उतारावरून घसरणं कोणालाही जमतं. हवं तिथे थांबणं आणि हवं तिकडे वळणं जमायला नवख्या माणसाला चार-पाच दिवस घाम गाळावा लागतो. म्हणून आखणी करताना आधी शिकण्याचे दिवस ठरवा. बाकीचं काश्मीर उरलेल्या वेळात बसवा.

गुलमर्गच का?

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. उंची साधारण २,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर जास्त. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९४८ पासून लष्कराचं स्की-प्रशिक्षण इथेच चालतं. आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल त्यातूनच उभी राहिली. त्यामुळे हा खेळ इथे केवळ पर्यटकांपुरता नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान खालच्या तंगमर्ग भागातला. तो जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला.

उत्तराखंडातलं औली हा दुसरा पर्याय. तिथले उतार शिकाऊंना सोयीचे आहेत आणि गढवाल मंडल विकास निगम प्रशिक्षणवर्गही घेतं. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तिथला रोपवे बंद करावा लागला. शिवाय ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा रस्ता दिवसभराचा आहे. मनालीजवळच्या सोलंगला गर्दी जास्त, उतार कमी.

कधी जायचं?

काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान, नंतरचे वीस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा चिल्लई बच्चा. कडाक्याची थंडी पहिल्या चाळीस दिवसांत असते, पण उतारांवर बर्फाचा जाड थर बसायला जानेवारी उजाडतो. त्यामुळे नाताळ आणि नववर्षाच्या सुट्टीत गुलमर्गला गर्दी आणि भाडी चढलेली असतात, बर्फाची मात्र खात्री नसते. माझं मत विचाराल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा उत्तम काळ. दहावी-बारावीच्या घरात मात्र फेब्रुवारीचं नावही काढता येत नाही, हे मान्य.

तरीही बर्फ कोणाला बांधलेला नाही. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांवर अवलंबून असतो आणि ते रुसले की गुलमर्ग तपकिरी दिसतं. २०२४ च्या जानेवारीत बराच काळ असंच झालं. २०२५ मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा फेब्रुवारीतला टप्पा पुरेशा बर्फाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलावा लागला. जिथे राष्ट्रीय स्पर्धेला वाट पाहावी लागते, तिथे आपल्या तिकिटाची काय कथा! हॉटेल घेताना रद्द करण्याच्या अटी आधी वाचा, भाडं नंतर.

जायचं कसं?

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत. अडचण अशी की उतार उत्तम करणारा बर्फच विमानंही थांबवतो. परतीच्या तारखेला लगेच लग्न, परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग ठेवू नका. मध्ये एक-दोन दिवस मोकळे हवेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यामुळे अडकलेल्या माणसाला निदान दुसरी वाट आहे.

शेवटचे तेरा किलोमीटर तंगमर्गपासूनचा चढ आहे. ताजा बर्फ पडला की साधी टॅक्सी तिथेच थांबते आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीत सामान हलवावं लागतं. गमबूट, कोट, गाइड, स्लेज घ्या म्हणून गळ घालणारेही तिथेच गाठतात. ज्याचं हॉटेल आणि प्रशिक्षक आधीच ठरलेत, त्याला नम्रपणे ‘नको’ म्हणणं सोपं जातं.

दोन गोष्टी लोक विसरतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा. आणि सुरक्षेचा प्रश्न. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा महाराष्ट्रातले होते. त्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद करून टप्प्याटप्प्याने उघडली गेली. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहाव्यात आणि घरातल्या सगळ्यांचा होकार असेल तरच निघावं.

शिकायचं कोणाकडे?

दोन मार्ग आहेत. पहिला, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग. हिचे वर्ग गुलमर्गमध्येच होतात आणि राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षण हे सगळं एका शुल्कात येतं. इथे शिस्त असते आणि हॉटेलचे लाड नसतात. एकट्यादुकट्या तरुणांना आणि कॉलेजच्या गटांना याहून चांगलं काही नाही. जागा भरतात, तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी अर्ज करा.

दुसरा मार्ग खासगी प्रशिक्षकाचा. लहान मुलं किंवा चाळिशीपुढचे आईवडील बरोबर असतील तर तो बरा, कारण प्रत्येकाच्या वेगाने शिकता येतं. ठरवताना तीन प्रश्न विचारा: प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, एका वेळी किती जण, आणि सांगितलेल्या पैशात स्की-बूट आहेत का. शिकवणारा बर्फाबद्दल कमी आणि चढावरच्या फोटोंबद्दल जास्त बोलत असेल तर दुसरा शोधा.

पहिल्या दिवशी काय होतं?

सगळा खेळ बुटापासून सुरू होतो, आणि नवखा माणूस तिथेच घाई करतो. स्की-बूट कडक प्लास्टिकचा असतो. ताठ उभं राहिल्यावर पायाची बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत, गुडघे वाकवून पुढे झुकलं की ती किंचित मागे सरकायला हवीत, आणि टाच कुठल्याही स्थितीत वर उचलली जाता कामा नये. मोजा एकच, लांब. दोन मोजे घातले की पाय आत सरकतो आणि फोड येतात. थर्मलची कड बुटात गेली तर दुपारपर्यंत नडगीवर वळ उठतो. बूट बाइंडिंगमध्ये अडकवण्याआधी तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढायचा, आधी पंजा अडकवायचा, मग टाच खाली दाबायची. ‘खट्’ आवाज आला नाही तर पुन्हा. स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटीपर्यंत पुरे.

मग गोल्फ मैदानाच्या बाजूच्या सौम्य उतारावर सकाळ जाते. पुढची टोकं जवळ, मागची लांब, अशा स्थितीत दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात रोवून थांबायला शिकवतात. पडायचं ते कुशीवर. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच घसरगुंडी सुरू होते. संध्याकाळी मांड्या बोलू लागतात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधीपासून जिने चढा-उतरा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसण्याचा सराव करा. पुणेकरांनी सिंहगड चढण्याबरोबर तो भरभर न धावता, गुडघे सांभाळत उतरण्याकडे लक्ष द्यावं.

गोंडोला, आणि त्याच्या वर

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून कोंगदूरीला नेतो, दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरच मिळतात आणि हंगामात झटपट संपतात. वारा सुटला की वरचा टप्पा आधी बंद होतो, त्यामुळे तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

अफरवतचा भुसभुशीत बर्फ जगभरच्या स्कीपटूंना खेचून आणतो, आणि धोकाही तोच आहे. आखलेल्या, निगा राखलेल्या उतारापलीकडे तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यात लष्कराचे १७ जवान गेले, २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू, २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं नवखी नव्हती. आठवडाभर शिकलेल्याने वर जाऊन नजारा पाहावा आणि गोंडोलानेच खाली यावं. कोणी स्थानिक ‘मी नेतो, काही होत नाही’ म्हणाला तरी.

बॅग आणि विमा

जीन्स नको, सुती कापड भिजलं की वाळत नाही. जलरोधक हातमोजे आणि गॉगल स्वतःचे घ्या, बाकी भाड्याने मिळतं. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परतवतो, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा. प्रवास-विम्यात हिवाळी खेळ आणि उंचीवरून सुटका धरली आहे का, हे कागद वाचून तपासा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

हातात तीनच दिवस असतील तर

तर स्कीइंगचा नाद सोडा. दोन दिवस थांबणं शिकण्यात जातील आणि तिसरा विमानतळावर. गोंडोलाची फेरी मारा, गरम हरीसा खा, आणि पुढच्या वर्षी सलग आठ दिवसांची रजा आतापासून मागून ठेवा.