लेझरखालचा कण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेझर म्हणजे कण जाळूनच तपासणार, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरवरचं केमकॅम हे उपकरण लेझरने खडकाच्या टिंबभर भागाचा प्लाझ्मा करतं आणि त्या ठिणगीच्या प्रकाशातून मूलद्रव्यं ओळखतं. पाण्यातलं सूक्ष्म प्लास्टिक ओळखायला वापरतात ती रामन पद्धत मात्र कण शाबूत ठेवते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झोत कणावर पडला की विखुरणारा जवळजवळ सगळा प्रकाश हिरवाच राहतो. लाखो फोटॉनांत एखादाच रंग किंचित बदलून येतो. तो बदल रेणूंच्या कंपनांवर ठरतो, म्हणून पदार्थ कळतो. काजळीसारख्या काळ्या कणावर झोत अगदी मंद ठेवावा लागतो, नाहीतर कण तापून बिघडतो.

या पद्धतीचा जन्म लेझरमुळे झाला, हा समजही चुकीचा. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात हा परिणाम पाहिला तो सूर्यप्रकाशात आणि पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात. पहिला लेझर १९६० चा.

सगळ्यात हट्टी गैरसमज म्हणजे लेझरला सगळंच दिसतं. साध्या मिठाचं उदाहरण घ्या. समुद्री वाऱ्यातून येणारा कोरड्या मिठाचा कण रामन यंत्राला जवळपास अदृश्य असतो, कारण त्याच्या स्फटिकाची घडणच इतकी सममित असते की ठळक रेषा उमटत नाही. शहरी धुरापासून तयार झालेलं नायट्रिक आम्ल त्या कणावर बसलं, की मिठाचं सोडियम नायट्रेट होतं आणि रंगबदलाच्या आलेखात १०६८ प्रति सेंटिमीटरच्या आसपास उंच शिखर उभं राहतं. प्रदूषणाने कण कसा बदलला, ते इथे थेट वाचता येतं. मला ही या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

यंत्र पदार्थाचं नाव आपणहून सांगतं, असंही मानलं जातं. प्रत्यक्षात आलेख संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. पॉलिस्टायरीनचं १००१ जवळचं शिखर सहसा चटकन ओळखू येतं. पण पाण्यातल्या कणावर शेवाळाचा थर असला तर त्याची चमक सगळा आलेख झाकून टाकते, म्हणून नमुना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवतात. निळ्या धाग्याचं दुखणं वेगळं. थॅलोसायनिन हा निळा रंग इतका जोरकस संकेत देतो की खालचं प्लास्टिक दिसतच नाही. अशा वेळी संगणकाने जुळणीची टक्केवारी कितीही चांगली दाखवली, तरी ती रंगाची असते. धागा नायलॉनचा की रंगवलेल्या कापसाचा, हे त्यातून ठरत नाही.