कागदाचे विमान आणि संगणकाची रेघ

बोइंग ७०७ हे नाव ज्यांनी तरुणपणी वर्तमानपत्रांत वारंवार वाचले, अशी वडीलधारी माणसे आजही अनेक घरांत आहेत. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकन कंपनीने या जेट विमानाची न्यूयॉर्क-पॅरिस वाहतूक सुरू केली. १९६० मध्ये ते एअर इंडियाच्या ताफ्यात आले. एअर इंडियाने आपल्या या विमानांना हिमालयातील शिखरांची नावे दिली होती. त्यांपैकी ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जणांचा अंत झाला. नियमित प्रवासी वाहतुकीतून ७०७ आता निघून गेले आहे. परंतु जाड कागद, कात्री आणि डिंक यांच्या साहाय्याने त्याची प्रतिकृती आपल्या टेबलावर उभी राहू शकते. तिचा आराखडा हल्ली संगणकावर, म्हणजे ‘कॅड’ पद्धतीने, करतात. येथे एक प्रश्न अनेक पालकांच्या मनात येतो : सारे संगणकच करणार असेल, तर मुलाने शिकावयाचे काय?

प्रथम एक गंमत ध्यानात घ्यावी. मूळ ७०७ची रेखाचित्रे माणसांनी हातांनी काढली होती. पडद्यावर रेषा काढू देणारी इव्हान सदरलँड यांची ‘स्केचपॅड’ ही प्रणाली १९६३ सालची. आणि संपूर्णतः संगणकावर आरेखित झालेले बोइंग ७७७ प्रथम उडाले ते १९९४ मध्ये. म्हणजे जे विमान हातांनी रेखाटले गेले, त्याच्या कागदी खेळण्यासाठी आज आपण संगणक वापरतो.

याचे कारण कागदाच्या स्वभावात आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. लाटण्याभोवती तो सुरेख बसतो. शेंगदाण्याची पुडीही त्याची सहज होते. चेंडूभोवती मात्र गुंडाळू गेल्यास चुण्या पडल्याखेरीज राहत नाहीत. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून निष्पन्न होते. पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांची अडचण ती हीच.

आता विमानाकडे वळू. ७०७च्या मोठ्या प्रकाराची लांबी ४६.६१ मीटर व पंखांचा विस्तार ४३.४१ मीटर. शंभरास एक हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृती सुमारे साडेसेहेचाळीस सेंटिमीटर लांब होते. धडाची रुंदी ३.७६ सेंटिमीटर येते. धडाचा मधला भाग नळीसारखा असल्याने संगणक तो क्षणात उलगडून देतो. त्याचा छेद मात्र शुद्ध वर्तुळ नाही. दोन कमानी एकावर एक जोडल्यासारखा किंचित उभट आहे. हे निरीक्षण आरेखकानेच करावयाचे.

खरी परीक्षा नाकापाशी होते. नाक दोन्ही दिशांनी वळलेले असते. त्याच्या उभ्या पाकळ्या कराव्यात, की शंकूच्या आडव्या कड्या एकापुढे एक जोडाव्यात? आठ पाकळ्या केल्या, तर सर्वांत रुंद जागी प्रत्येक पाकळीचा मध्य खऱ्या गोलाईपासून सुमारे १.४ मिलिमीटर आत राहतो; बारा केल्या, तर जेमतेम ०.६ मिलिमीटर. परंतु पाकळ्या वाढल्या की सांधे वाढतात, आणि बारीक सांधे चिकटवताना बोटे थकतात. किती अचूकता हवी आणि किती सोडून द्यावयाची, हा निर्णय संगणक घेत नाही.

कागदाच्या जाडीचेही तसेच. धडाचे दोन तुकडे जोडण्यासाठी आतून कडे बसवावे लागते. कागद ०.२ मिलिमीटर जाड असेल, तर कड्याची त्रिज्या तेवढी कमी धरावी लागते. म्हणजे परीघ सव्वा मिलिमीटरने घटतो. हा फरक विसरल्यास पडद्यावर निर्दोष दिसणारे कडे धडात शिरत नाही. पंखांचेही तसे आहे. ते मागे ३५ अंश झुकलेले आणि टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. आतून पुठ्ठ्याचा कणा दिला नाही, तर चार एंजिनांच्या भाराने ते खाली लोंबतात.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की संगणक बेरीज-वजाबाकी करतो. वस्तूचा स्वभाव ओळखण्याचे काम मुलाकडेच राहते. मात्र त्यासाठी आरंभ संगणकापासून करू नये. आधी कंपास घेऊन एक शंकू उलगडावयास सांगावे. तळाची त्रिज्या २ सेंटिमीटर आणि तिरकस उंची ६ सेंटिमीटर असेल, तर ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बरोबर एकतृतीयांश, म्हणजे १२० अंशांचा तुकडा कापावा लागतो. तो वळवून, चिकटवून पाहावा. नंतर तोच शंकू संगणकाकडून उलगडून घेऊन आपल्या तुकड्यावर ठेवावा. दोन्ही तंतोतंत जुळले, की पडद्यावरील रेघ कोठून आली हे मुलाला उमगते. मग विमानाला हात घालावयास हरकत नाही.