नकाशातलं घर दिसत नसेल तर

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की नवऱ्याच्या डोळ्यांसमोर अख्खा ओटा उभा राहतो, बायकोला मात्र कागदावर नुसत्या रेघा दिसतात. कधी याच्या उलट. यात हट्ट नाही की दुर्लक्षही नाही. मनात चित्र उभं राहणंच माणसागणिक वेगळं असतं. संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काहींना ते लख्ख दिसलं, काहींना जवळजवळ काहीच नाही. अशा मनश्चित्रांच्या अभावाला २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी ‘अफँटेशिया’ म्हटलं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०२१ चा एक अभ्यास. अफँटेशिया असलेल्या व्यक्तींनी पाहिलेल्या खोलीचं चित्र आठवून काढलं, तेव्हा वस्तू आणि रंग कमी आले; वस्तूंच्या जागा मात्र इतरांइतक्याच अचूक होत्या!

म्हणून जोडीदाराला ‘कल्पना कर’ म्हणू नका. जमिनीवर मास्किंग टेपने दोन फूट रुंदीचा ओटा आखा, फ्रिजच्या मापाचं खोकं ठेवा, दार उघडल्यावर मागून माणूस जातो का ते दोघांनी चालून पाहा. टाइलचा नमुना भिंतीला टेकवून दिवसा आणि रात्री दिव्याखाली बघा. कंत्राटदाराला होकार त्यानंतरच द्या. थ्रीडी चित्रं जरूर मागवा, पण कोपर कुठे आपटेल हे त्यांत कळत नाही.