दुर्बिणीआधी काय? आकाशाच्या छायाचित्रणाचा जमाखर्च

पांढरकवडा सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. भूगोलाच्या पुस्तकातील ही कोरडी नोंद आकाशाचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मोठी ठेव आहे. आकाशगंगेचे केंद्र धनु राशीच्या दिशेला आहे. तो भाग येथून दक्षिणेस सुमारे 41 अंश उंच चढतो. लंडनमध्ये तोच जेमतेम 10 अंशांवर, घरांच्या छपरांआड राहतो. ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ युरोपच्या बहुतेक भागांतून दिसतच नाही. येथे एप्रिल-मे महिन्यांत तो गच्चीवरून पाहता येतो. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर दूर असल्याने महानगराचा झगमगाटही येथवर पोहोचत नाही. मुंबई-पुण्याचे हौशी लोक ज्या काळोखासाठी रात्रीचा प्रवास करतात, तो येथे घरबसल्या मिळतो.

तरीही घरातील तरुण मुलाने किंवा मुलीने हा छंद धरला की पहिली मागणी येते ती दुर्बिणीची. पालकही कौतुकाने चाळीस-पन्नास हजारांची तरतूद करतात. दुर्बीण येते, कॅमेरा तिला जोडला जातो, आणि छायाचित्रात ताऱ्यांच्या जागी रेघोट्या उमटतात. दोन महिन्यांत ती वस्तू कपाटावर जाते. दोष दुर्बिणीचा नसतो, खरेदीच्या क्रमाचा असतो. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपायच्या असतील तर दुर्बिणीचा क्रमांक शेवटचा, हे खर्चाला हात घालण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

कारण साधे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश दर सेकंदाला 15 विकला सरकते. लेन्सचे नाभीय अंतर जितके जास्त, तितके हे सरकणे ठळक दिसते. छायाचित्रकारांचा जुना हिशेब असा: 500 या संख्येला नाभीय अंतराने भागावे, कॅमेऱ्याचा संवेदक लहान आकाराचा असेल तर आधी ते अंतर दीडपट धरावे. येईल तितके सेकंद शटर उघडे ठेवता येते. 18 मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे 18 सेकंद मिळतात, 50 मिलिमीटरला फक्त 6. बारीक नजरेने पाहणाऱ्याला हा हिशेबही सैल वाटतो. मग हजार मिलिमीटरच्या दुर्बिणीला किती मिळणार? अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

म्हणून सुरुवात घरात असलेल्या कॅमेऱ्यानेच करावी. लग्नसमारंभासाठी घेतलेला आणि एरवी पेटीत पडून असलेला डीएसएलआर पुष्कळ घरांत सापडतो. त्याला हवा घट्ट उभा राहणारा ट्रायपॉड आणि हात न लावता शटर उघडणारा रिमोट. छायाचित्रे रॉ स्वरूपात साठवावीत. सहा सेकंदांची एक प्रतिमा निराशा करील. परंतु तशा शंभर प्रतिमा संगणकावर एकमेकींवर अचूक बसवल्या तर संकेताच्या तुलनेत गोंगाट दहापट घटतो. शंभराचे वर्गमूळ दहा, एवढेच त्यातील गणित. या क्रियेला स्टॅकिंग म्हणतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही त्यासाठीची दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. पहिला हंगाम एवढ्यावर काढावा. हौस किती टिकते याची परीक्षाही त्यात होऊन जाते.

पहिली खरेदी करायची ती 50 मिलिमीटरच्या, 1.8 छिद्रमानाच्या लेन्सची. कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स त्या टोकाला 5.6 वर अडते. नवी लेन्स 2.8 पर्यंत आवळून वापरली, आणि कडेचे तारे नेटके हवे असतील तर तशी वापरावीच, तरी ती चौपट प्रकाश देते. शिवाय दिवसा घरच्या मंडळींची छायाचित्रे तीच उत्तम काढते. त्यामुळे हा खर्च केवळ छंदाच्या खाती मांडावा लागत नाही.

खरे भांडवल त्यानंतर गुंतवायचे, आणि ते आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रात, म्हणजे स्टार ट्रॅकरमध्ये. तयार ट्रॅकर परवडत नसेल तर गावातील सुताराकडून तो करून घेता येतो. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती प्रसिद्ध केली. दोन फळ्या एका बाजूने बिजागरीने जोडायच्या. बिजागरीच्या कण्यापासून बरोबर 228.5 मिलिमीटरवर एम-6 आकाराचा सरळ बोल्ट बसवायचा. या बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतराचे असतात. तो मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवला की वरची फळी नेमकी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत हाताने फिरवले तरी 50 मिलिमीटरच्या लेन्सने मिनिटभराची प्रतिमा निघते. सहा सेकंदांची साठ सेकंद झाली, तीही दोन फळ्यांच्या खर्चात! सुताराला मात्र मिलिमीटरचे महत्त्व नीट समजावून सांगावे. दाराची चौकट आणि हे काम यांत फरक आहे.

ट्रॅकर विकतचा असो वा घरचा, त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे 20 अंशांवर असतो. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढी ती उंची. म्हणजे शेजारच्या घराची पाण्याची टाकी किंवा एखादे कडुनिंबाचे झाड त्याला सहज झाकून टाकते. ट्रॅकर मागवण्यापूर्वी गच्चीवर जाऊन ध्रुव दिसतो की नाही हे पाहून यावे. ही तपासणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती विसरतात. तयार यंत्राची भारक्षमता कंपनी सांगते, तिच्या निम्माच भार छायाचित्रणासाठी हिशेबात धरावा.

चंद्र आणि ग्रह यांचा मार्ग मात्र निराळा. ते इतके तेजस्वी आहेत की सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. तेथे दुर्बीण आधी येते आणि काळोखाचीही गरज पडत नाही. पुण्याच्या प्रथमेश जाजू याने मे 2021 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी काढलेले चंद्राचे छायाचित्र देशभर गाजले. 1944 साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेतून तो पुढे आला. त्याची साधने पाहण्यासारखी आहेत: पाच इंची कॅसेग्रेन दुर्बीण, ईक्यू 3-2 जातीचा साधा माउंट, दुप्पट करणारी बार्लो लेन्स आणि एएसआय 120 हा छोटा कॅमेरा, ज्याचा संवेदक सव्वा मेगापिक्सेलचाही नाही. आजचा कोणताही मोबाइल या आकड्याला हसेल. त्याने चंद्राचे लहान लहान तुकडे चित्रफितींत टिपले, त्यांतून पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा मिळवल्या आणि संगणकावर चाळीस तासांच्या आसपास बसून त्या जोडल्या. महाग वस्तू त्यात कोणती होती, तर वेळ.

खरेदी ठरवताना वर्षाकाठी किती रात्री मिळतील हे आधी मोजावे. जून ते सप्टेंबर पावसाचे. उरलेल्या आठ महिन्यांत अमावास्येच्या आगेमागे दहा-दहा रात्री धरल्या तर ऐंशी; त्यांतून ढग, परीक्षा आणि पाहुणे वजा केले तर चाळीस पुष्कळ झाल्या. पंचांग पाहून तिथी पाळणाऱ्या घरांना अमावास्या निराळी शोधावी लागत नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपत असेल तर संध्याकाळही मोकळीच असते. वस्तूच्या किमतीला या रात्रींनी भागून पाहिले की अनेक मोह आपोआप गळतात. कॅमेरा जुना घेण्यास हरकत नाही; लेन्स जुनी घेताना ती उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. परदेशातून वस्तू मागवली तर सीमाशुल्क आणि कर मिळून स्वस्ताई संपते, आणि दुरुस्तीची वेळ आली की पुन्हा तेच टपाल.

जागेविषयी एक सूचना आवश्यक आहे. काळोखाच्या शोधात टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला रात्री उभे राहू नये. अवनी नावाने ओळखली गेलेली टी-1 वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये मारली गेली ती याच भागातील जंगलात. वाघ अभयारण्याची हद्द मोजत नाहीत. घरची गच्ची किंवा ओळखीच्या शेतातील खळे बरे, तेही सोबतीने.

पावसाळ्यात सारे साहित्य हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि ओलावा धरलेल्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. पुढे दसरा-दिवाळीच्या दरम्यान आकाश स्वच्छ होते, तेव्हा रात्री दहा-अकराच्या सुमारास देवयानी दीर्घिका उत्तरेकडे सुमारे 69 अंश उंचीवर असते. तिची खरी रुंदी पूर्ण चंद्राच्या सहापट आहे. 50 मिलिमीटरच्या लेन्सला आणि सुताराच्या दोन फळ्यांना ती पुरेशी मोठी आहे.