शिकाऱ्याचा धर्म

१९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. त्याआधी माझे आजोबा शिकाऱ्यांबरोबर माळ तुडवीत. गाभण मादी मारायची नाही, जखमी जनावर मागे सोडायचे नाही, हे त्यांचे नियम. मारायचेच, तर नियम कशाला, असे मला वाटे.

पुढे महाभारताच्या आदिपर्वातील कथा वाचली. मृगरूपातील किंदम ऋषी मादीशी रत असता पंडूने बाण मारला. ऋषींनी दोष दिला तो मारल्याचा नव्हे, न थांबल्याचा. जर्मनीतील शिकारी मेलेल्या हरणाच्या तोंडात डहाळी ठेवतात. तिला ‘शेवटचा घास’ म्हणतात.

मी आजोबांना विचारले, “वाईट वाटायचं?”

“वाटायचं रे पोरा. ज्याला वाटत नव्हतं, त्याच्यासंगं मी जात नव्हतो.”

हे नियम त्या वाईट वाटण्यातूनच आले असावेत. शिकारबंदी मला योग्यच वाटते. पण आजोबांना आता मी निर्दय म्हणत नाही.