ढोलाविना ठेका

ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकाराच्या पारंपरिक संचात ढोल नसतो. बँजो, गिटार, फिडल, मँडोलिन आणि उभा बास, झालं. तरीही ताल एवढा ठाशीव कसा? अमेरिकेतल्या ब्लूग्रास कार्यशाळांत याचं उत्तर मँडोलिनच्या वर्गात मिळतं. तिथे सूर काढण्याइतकंच सूर तोडणंही मन लावून शिकवतात.

या तोडण्याला ‘चॉप’ म्हणतात. चार मात्रांत पहिली आणि तिसरी बासची, दुसरी आणि चौथी मँडोलिनची. डाव्या हाताची चार बोटं तारा दाबतात, उजव्या हातातली पिक सपकन फिरते आणि त्याच क्षणी डावा हात दाब सैल करतो. बोटं मात्र तारांवरून उचलायची नाहीत. सूर उमटतो न उमटतो तोच विझतो. उरतो नुसता ‘चक्’.

ही शैली घडवली बिल मन्रो यांनी. जन्म १९११चा, केंटकीतल्या रोझीनजवळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार घेतली, धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आलं. १९३९मध्ये ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात पोचले. पुढे मायामीतल्या एका केशकर्तनालयात त्यांना १९२३ सालचं, लॉइड लोअर यांच्या सहीचं गिब्सन एफ-५ मँडोलिन मिळालं आणि तेच त्यांचं आयुष्यभराचं वाद्य ठरलं.

मँडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात. जी, डी, ए, ई, व्हायोलिनसारख्याच. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात. त्यामुळे हार्मनीचं शास्त्र इथे बोटांनाच सापडतं. मधल्या एखाद्या जोडीवर षड्ज धरला, की त्याच पडद्यावर वरच्या सुराच्या जोडीत पंचम आणि खालच्या सुराच्या जोडीत मध्यम मिळतो. सा, म, प यांच्यावर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्ड्‌स जमल्या, की शेकडो गाण्यांची साथ जमते. जॅममध्ये, म्हणजे वादक जमून वाजवतात तेव्हा, त्यांना एक, चार, पाच म्हणतात. पट्टी बदलली तरी आकडे तेच.

कागदावरचं हे सोपं गणित हातात उतरताना जड जातं. जी कॉर्डच्या चॉपसाठी करंगळी सातव्या पडद्यावर आणि तर्जनी दुसऱ्या पडद्यावर, असा पंजा ताणावा लागतो. जोडीतली एक तार किंचित उतरली तरी सूर आंबट होतो. कॉर्ड हुकली की शिकाऊ वादक थबकतो आणि त्याच्यासोबत सगळ्यांचा ठेका डळमळतो. म्हणून पहिला धडा असा: कॉर्ड सुटली तरी चालेल, मात्रा सोडायची नाही. तारा नुसत्या झाकून ‘चक्’ देत राहायचं.

त्याहून अवघड ‘ब्रेक’, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी. मन्रो यांच्या उंच आवाजाला बी पट्टी मानवायची, पण तिच्या सप्तकात जी, डी आणि ए या मोकळ्या तारा बसतच नाहीत. साथीत जी कॉर्डचा आकार चार पडदे वर सरकवून भागतं. ब्रेकमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक सूर दाबूनच काढावा लागतो आणि तोही धावत्या लयीत. म्हणून एकच धून आधी जीमध्ये, मग एमध्ये, मग बीमध्ये संथपणे घोटायची. लय वाढवायची ती त्यानंतरच.